कॉव्हेंट्रीच्या भिंतीवरील दोन शब्द

शाळेच्या सुटीत मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे माझ्या बहिणीकडे गेले होते. तिचा मुलगा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. तिकडे २०१३ सालापासून त्या वर्गाला व्याकरणाची वेगळी परीक्षा असते, म्हणून बिचारा रोज शब्दांखाली नाम, क्रियापद असे लिहीत बसे. "मावशी, यादी पाठ आहे, पण वाक्यात शब्द ओळखता येत नाही," तो म्हणाला. हीच तक्रार मी आपल्या मॉरिशसच्या मुलांकडूनही ऐकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुने कॅथेड्रल पाहावयास गेलो. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले. आज छप्पर नाही, नुसत्या भिंती उभ्या आहेत. वेदीमागच्या भिंतीवर १९४८ साली तेथील मुख्य धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी दोनच शब्द कोरून घेतले: 'फादर फर्गिव्ह'. म्हणजे, हे पित्या, क्षमा कर.

"सांग पाहू, जाती कोणत्या?"

"फादर नाम, फर्गिव्ह क्रियापद."

बरोबर. पण क्रियापदाच्या शेवटी एस हे अक्षर असते, तर 'पिता क्षमा करतो' असे साधे विधान झाले असते. ते नाही, म्हणून ही विनवणी. मराठीत 'पित्या' हे संबोधन आणि 'कर' हा आज्ञार्थ रूपावरूनच कळतो. शिवाय आपल्याकडे 'क्षमा' हे नाम आहे! इंग्रजी शब्दाचे रूप फारसे बदलत नाही. त्याची जागा आणि काम पाहावे लागते. 'फादर' हाच शब्द दुसऱ्या वाक्यात क्रियापदही होतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठी व्याकरण रचले, त्यामुळे जातींची नावे बरीच जुळतात. ओळखण्याची रीत जुळत नाही. आम्ही शिक्षक मात्र नावे पाठ करून घेतो आणि थांबतो. मीही कित्येक वर्षे तेच केले.

तेवढ्यात मुलाने विचारले, "पण क्षमा कोणाला? सर्वनाम कुठे आहे?"

बायबलमध्ये त्या ठिकाणी 'त्यांना' असे आहे. हॉवर्ड यांनी ते मुद्दाम गाळले. 'त्यांना' म्हटले की बॉम्ब टाकणारे तेवढे अपराधी ठरतात; क्षमेची गरज तर सर्वांनाच, असे त्यांचे म्हणणे होते.

संध्याकाळी त्याने वहीत तीन रकाने आखले. नाम, क्रियापद भरले, सर्वनामाचा रकाना रिकामा ठेवला. "बाई चूक धरतील का?"

परीक्षेत धरतीलही. मी तरी धरणार नाही, असे मी त्याला सांगितले.