नेट आहे, पण डब्यात नाही!

लॅपटॉपवर मेल सुसाट आणि कंटेनरमध्ये साधं एक पॅकेज उतरेना? ऑफिसच्या नेटवर्कवरच्या या कटकटीमागचा फंडा.

हिंजवडीतल्या कुठल्याही टपरीवर जरा कान देऊन बघा. ट्रॅफिक, अप्रेझल आणि फ्लॅटचं भाडं झालं की चौथा विषय हमखास निघतो, 'यार, कंटेनरला नेटच मिळत नाहीये!' मास कॉमवाल्या माझ्यासारखीला वाटावं, न्हावा शेवाहून निघालेला ट्रक कुठेतरी अडकला की काय.

हा कंटेनर वेगळा. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पद्धत घराघरात, म्हणजे क्युबिकलाक्युबिकलात पोहोचली. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररीज, सेटिंग्ज, सगळं एका डब्यात भरायचं. डबा कुठेही उघडा, चव तीच! पण हा डबा लॅपटॉपवर बसलेला असला तरी तो लॅपटॉप नसतो. तुमच्या लॅपटॉपला आयटी डिपार्टमेंटने पहिल्याच दिवशी प्रॉक्सी, सर्टिफिकेट वगैरे सगळं दिलेलं असतं. डबा मात्र आयकार्ड न मिळालेल्या न्यू जॉइनीसारखा गेटवरच उभा.

माझी एक मैत्रीण प्रोबेशनवर असताना रिलीजच्या आदल्या रात्री नेमकी यात सापडली. 'तुझ्याच कोडमध्ये लोचा आहे,' असं म्हणून सीनियर मोकळे. दुसऱ्याने सल्ला दिला, 'सर्टिफिकेटचं चेकिंग बंद कर ना, चालतंय!' तिने दोन्ही ऐकलं नाही. एकेक गोष्ट क्रमाने तपासली. तोच क्रम तिने मला सांगितला.

आधी नाव, मग गाव
साइटच्या नावावरून आकड्यांतला पत्ता शोधतो तो डीएनएस. होस्टच्या यादीत फक्त १२७ने सुरू होणारा, म्हणजे स्वतःचाच पत्ता असेल, तर डॉकर परस्पर गुगलचा ८.८.८.८ धरतं. बऱ्याच कंपन्यांच्या फायरवॉलला बाहेरचा डीएनएस चालत नाही. डब्यात एनएसलुकअप चालवा आणि कंपनीतल्याच एखाद्या सर्व्हरचं नाव विचारा. उत्तर नाही आलं, तर डॉकरच्या सेटिंगमध्ये कंपनीचा डीएनएस लिहा. आणि हो, पिंगवर विसंबू नका. पिंग प्रॉक्सीतून जातच नाही, शिवाय अनेक ऑफिसांत ते बंदच असतं.

प्रॉक्सीचं कोडं
ब्राउझर प्रॉक्सीची सेटिंग सिस्टिममधून उचलतो. डब्यातल्या प्रोग्रॅमला ती एचटीटीपी प्रॉक्सी, एचटीटीपीएस प्रॉक्सी आणि नो प्रॉक्सी या व्हेरिएबल्समधून सांगावी लागते. ऑफिसमधले आतले पत्ते तिसऱ्यात. इमेज उतरवतो डॉकरचा डेमन, त्याला वेगळं सांगायचं. म्हणूनच 'पुल' झकास होतं आणि 'बिल्ड' अडकतं! प्रॉक्सी तुमच्याच लॅपटॉपवर चालत असेल आणि तुम्ही 'लोकलहोस्ट' लिहिलं असेल, तर डबा ती स्वतःच्याच पोटात शोधत बसतो. आणि प्रॉक्सीचा पासवर्ड डॉकरफाइलमध्ये लिहू नका. तो इमेजमध्ये राहतो आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतो.

ओळख पटेना?
'सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन ऑथॉरिटी.' मैत्रिणीचा एरर हाच होता. अनेक कंपन्यांत प्रॉक्सी सुरक्षित ट्रॅफिकही मध्येच उघडून तपासते आणि कंपनीचं सर्टिफिकेट लावून पुढे पाठवते. लॅपटॉप ते ओळखतो, डबा नाही. इथेच चेकिंग बंद करायचा मोह होतो. पण मग समोरचा खरा की तोतया, हे कळायचा रस्ताच उरत नाही. आणि रात्री घाईत टाकलेली ती ओळ काढायची कोणाला आठवते? प्रॉडक्शनपर्यंत जाते ती! उपाय एकच, कंपनीचं रूट सर्टिफिकेट इमेजमध्ये घाला. तेवढ्याने भागेलच असं नाही बरं का! पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी, नोड आणि जावा यांच्या याद्या बहुधा वेगळ्या असतात, तिथेही सांगा.

व्हीपीएनची गंमत
बाहेरचं सगळं चालतं, पण ऑफिसचा एखादाच सर्व्हर गायब? डॉकर डब्यांना सहसा १७२.१७ने सुरू होणारे पत्ते वाटतं. ही रेंज खासगी नेटवर्कसाठीच राखीव, त्यामुळे तुमची कंपनीही तीच वापरत असू शकते. नेटवर्क टीमकडून मोकळी रेंज मागून घ्या. छोटी पानं उघडतात आणि मोठं डाउनलोड थिजतं? मग एमटीयू बघा. डॉकर १५०० बाइट्सचं पाकीट बांधतं, व्हीपीएनच्या बोगद्यात त्याहून लहानच मावतं.

या सगळ्याला मोजून अर्धा तास लागतो. फायदा हा, की नक्की कोणाचं दार ठोठवायचं ते कळतं. 'इंटरनेट चालत नाही' अशी मेल नेटवर्क टीमकडे पडून राहते. कुठल्या मशिनवरून, कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, एररचे शब्द काय, एवढं लिहिलं की काम हलतं. मैत्रिणीने त्या रात्री नेमकं तेच केलं. सकाळी सर्टिफिकेट मिळालं, रिलीज झालं आणि कोडचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तिच्या टीमच्या बेस इमेजमध्येच ते सर्टिफिकेट असतं. नवीन आलेल्या पोरांना हा प्रॉब्लेम कळतसुद्धा नाही. तुमच्या टीमच्या इमेजमध्ये आहे का? सोमवारी गेल्यागेल्या बघाच!