गादीचा वारस आणि जंजिऱ्याच्या बेगमा

मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना वाटेत खोकरीचे तीन घुमट लागतात. दगडी बांधणीच्या या कबरी जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांच्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी सिरुलखानाची, उरलेल्या दोन याकूतखान आणि खैरियतखान या भावांच्या, असे परंपरा सांगते. पुढे आगरदांड्याच्या जेटीवरून दिघीची बोट पकडली की जिच्यावर या सरदारांची सत्ता उभी होती ती राजपुरीची खाडी समोर पसरते. तीन कबरी आणि तिन्ही नावे पुरुषांची. त्यात नवल नाही असे वाटू शकते. पण याकूतखान वारला त्याच सुमारास, म्हणजे 1700 ते 1707 या काळात, घाटावर महाराणी ताराबाई आपल्या लहान मुलाच्या नावाने मराठी राज्य चालवत होत्या आणि औरंगजेबाच्या फौजांना पुरून उरल्या होत्या. शे-दोनशे कोसांच्या टापूत एकीकडे स्त्री राज्याची धुरा वाहते आणि दुसरीकडे स्त्रीचे नावही उमटत नाही, याचे कारण धर्मात किंवा पडद्यात शोधण्याचा मोह होतो. ते कारण मला पुरेसे वाटत नाही. खरा फरक गादी कोणाकडे कशी जाते यात होता.

जंजिऱ्याचा सिद्दी हा मुळात आरमाराचा अधिकारी. आधी निजामशाहीचा, मग आदिलशाहीचा, 1670 नंतर मोगलांचा. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांमधून जो कर्तबगार ठरे, ज्याला बाकीचे मानत, तो किल्ल्याचा धनी होई. बापामागून मुलगा ही येथे सुरुवातीची रीत नव्हती. गादी कर्तबगारीवर आणि सरदारांच्या पाठिंब्यावर मिळत असेल, तर कोणाची आई कोण, कोणती बायको थोरली, या प्रश्नांना राजकीय किंमत उरत नाही. भोसल्यांच्या घरात मात्र राज्य रक्ताने चालत होते, म्हणून राजारामाच्या विधवेला, ताराबाईंना, मुलाच्या नावाने हुकूम सोडता आले. जंजिऱ्यावरही चित्र हळूहळू पालटले आणि गादी वंशाने जाऊ लागली. 1733 मध्ये सिरुलखान वारला, मुलांत तंटा पेटला आणि पहिल्या बाजीरावाने ती संधी साधून मोहीम काढली. तरीही त्या तंट्याच्या नेहमीच्या हकिकतीत मुले येतात, नातू येतो, पेशवे येतात. त्या मुलांच्या आया येत नाहीत.

युरोपच्या पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी या छोट्या संस्थानाशी तुलना केली की मुद्दा उजळतो. तिथेही खडकाळ किनारा, कोळी, खलाशी, आणि दोन्ही बाजूंना फ्रान्स व इंग्लंड अशा बलाढ्य सत्ता. 1341 मध्ये तिथला ड्यूक निपुत्रिक वारला. त्याची पुतणी झान द पांतिएव्र आणि त्याचा सावत्र भाऊ यांच्यात वारशाचे युद्ध जुंपले. सावत्र भाऊ कैदेत पडल्यावर त्याची बायको, तिचेही नाव झानच, हेन्बों गावाचा वेढा अंगावर घेऊन लढली. पांतिएव्रच्या झानचा नवरा 1364 मध्ये लढाईत पडला आणि पुढच्या वर्षी तिला तह करून दावा सोडावा लागला. सव्वाशे वर्षांनी, 1488 मध्ये, अकरा वर्षांची ॲन तिथली डचेस झाली. तिच्या लग्नाच्या करारात फ्रान्सच्या राजाने अट घातली की आपण मुलाविना वारलो तर हिने आपल्यामागून गादीवर येणाऱ्याशीच लग्न करावे. आणि 1499 मध्ये तिने ते केलेही. त्या मुलीसाठी दोन राजे अडून बसले, कारण तिच्या रक्ताबरोबर प्रांत जात होता.

चौदाव्या-पंधराव्या शतकातली ब्रिटनी आणि विसाव्या शतकातला जंजिरा एका तागडीत कसे घालता, असे कोणी विचारेल. शतके वेगळी आहेत हे खरे. पण मी तोलतो आहे ती गादीची रीत, काळ नव्हे. वंशाने चालणारी गादी बाईला इतिहासात आणते आणि त्याच दोरीने बांधूनही टाकते, हे दोन्हीकडे दिसते. एक भेद मात्र मोठा: ब्रिटनीत बाई स्वतः वारस होऊ शकत होती. जंजिऱ्यात तिची वाट फक्त मुलातून जात होती.

ती वाट किती अरुंद होती हे नाझली बेगमांच्या आयुष्यात दिसते. 1874 मध्ये इस्तंबूलमध्ये जन्म, मुंबईच्या सुशिक्षित फैजी घराण्यातल्या, लहानपणीच नवाब सिद्दी अहमदखानाशी लग्न. 1908 मध्ये नवाब आणि धाकटी बहीण अतिया यांच्यासह त्या युरोप फिरल्या आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी उर्दूत पुस्तकरूपाने छापले. शिबली नोमानींसारखा पंडित मुरुडला पाहुणा म्हणून आला. कवी इक्बाल यांनाही तिथून आमंत्रणे गेली. संस्थानाला नाव मिळवून देणाऱ्या या बाईंना मूल झाले नाही. नवाबाने दुसरे लग्न केले, 1913 मध्ये नाझली बेगम वेगळ्या झाल्या. मार्च 1914 मध्ये दुसऱ्या बेगम कुलसुम यांना मुलगा झाला, महंमदखान. 1922 मध्ये नवाब वारला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. कुलसुम बेगम रीजंट झाल्या आणि 1933 पर्यंत, अकरा वर्षे, संस्थानचा कारभार त्यांच्या नावाने चालला. 324 चौरस मैलांचा मुलूख, शिवाय काठेवाडातले जाफराबाद.

इंग्रजांच्या देखरेखीखाली चाललेली रीजन्सी म्हणजे नुसता शिक्का, हा आक्षेप वजनदार आहे. मुंबई सरकारचा हात वर होताच, तो अहमदखानाच्या डोक्यावरही होता. नवाबाला आपण राज्यकर्ता म्हणतो आणि त्याच चौकटीत बसलेल्या बाईला बाहुली म्हणतो, हा न्याय एकाच मापाचा नाही. भोपाळला 1819 ते 1926 या काळात चार बेगमांनी कारभार चालवला, तोही इंग्रजी छत्राखाली. त्यांना कोणी शिक्का म्हणत नाही. भोपाळच्या बेगमांनी स्वतः लिहिले, लिहवून घेतले, इमारती उभ्या केल्या. मुरुडला मात्र तसे घडले नाही: अभ्यासकांनी शोधून काढावे असे नाझली बेगमांचे पुस्तक आहे, आणि अकरा वर्षे सही करणाऱ्या कुलसुम बेगमांची ओळख नवाबांच्या यादीत दोन तारखांमध्ये अडकली आहे. मला हे खटकते. संस्थानी दप्तरातल्या त्या अकरा वर्षांच्या जमीन, शाळा, बंदर यांबाबतच्या कागदांकडे रायगड जिल्ह्याच्या इतिहासाने वळायला हवे, कारण श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडच्या रयतेवर त्या सह्यांचा परिणाम झाला होता.

या बेगमा इथल्या नव्हत्याच, त्या उर्दूच्या आणि मुंबईच्या, असेही म्हटले जाते. पण बाहेरून सून येणे हेच तर राजघराण्याचे वळण. ब्रिटनीत हेन्बों लढवणारी झान फ्लांडर्सची होती, आणि तिथले लोक तिला आपलीच मानतात. खोकरीच्या घुमटांखाली निजलेले सरदारही हबशी मुळाचेच, आणि त्यांना आपण कोकणाच्या इतिहासातून वगळत नाही.

1933 मध्ये महंमदखानाने कारभार हाती घेतला. 1948 मध्ये जंजिरा भारतात विलीन झाला. त्याच वर्षी नाझली बेगम बहिणीसह कराचीला गेल्या आणि 1968 मध्ये तिथेच वारल्या. ज्या वारसासाठी त्यांना मुरुड सोडावे लागले, त्याच्या वाट्याला कारभाराची पंधरा वर्षे आली.