ओबोचे लाकूड, ओल आणि सूर

ओबो हे सनईप्रमाणे दुहेरी पत्तीवर वाजणारे सुषिरवाद्य असून ते बहुधा टांझानिया व मोझांबिक येथून येणाऱ्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड अशा आफ्रिकन ब्लॅकवुडपासून घडवले जाते. थंड खोलीत वादन सुरू होताच उष्ण, दमट श्वासाने नळीची आतली भिंत फुगते, बाहेरचा भाग मात्र थंड व कोरडाच राहतो, आणि या ताणातून वरच्या जोडाला, विशेषतः ट्रिलच्या, म्हणजे दोन स्वरांच्या जलद आलटापालटीच्या, छिद्रांपाशी, तडा जातो. म्हणूनच नवा ओबो पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवावा आणि त्यापूर्वी अंगाशी धरून कोमट करावा, हा संकेत अत्यंत शहाणपणाचा आहे. बुफे क्रॅम्पाँ या वाद्यनिर्मात्या कंपनीच्या ग्रीनलाइन ओबोंत याच लाकडाची भुकटी कार्बन तंतू व राळेत बांधलेली असल्यामुळे ही भीती जवळजवळ उरत नाही.

वादनानंतर रेशमी फडके नळीतून ओढून ओल टिपली, तरी वरच्या सप्तकाच्या चावीखालील बारीक छिद्रात थेंब अडकून स्वर गुरगुरू लागतो, तेव्हा वादक गादीखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून तो शोषून घेतात. गादी म्हणजे छिद्र झाकणारी बुचाची किंवा चामड्याची चकती. तिच्याखाली केसभर फट राहिली तरी खालचे स्वर अडखळतात, आणि दोष पत्तीचा समजून उत्तम पत्ती विनाकारण खरडली जाते. वास्तविक अशा वेळी चाव्यांचा परस्परमेळ राखणारा इवलासा स्क्रू किंचित फिरवला, तरी पुष्कळदा तोच खालचा स्वर हलक्या फुंकरीनेही उमटतो.