पाण्याचे बिल जास्त आले तर

"अहो, एवढे पाणी आम्ही वापरले तरी कधी?" पाण्याचे बिल हातात पडले म्हणजे असे म्हणणारी माणसे पुष्कळ. आधी राग येतो. मग शेजाऱ्यावर संशय येतो. बिल नीट वाचायचे मात्र राहून जाते.

आपल्याकडे बहुतेक गावांत पाणीपट्टी वर्षाची ठरलेली असते. घरात चार माणसे असोत की दहा, रक्कम तीच. मुंबईत पाणी मोजून मिळते. ते येते तरी कुठून? थोडे मुंबईतल्याच विहार आणि तुळशी या तलावांतून. बाकीचे सारे तानसा, भातसा, वैतरणा अशा लांबच्या धरणांतून. (ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते, तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पण तो विषय वेगळा.) आपल्या गावचे कोणी ना कोणी मुंबईला असतेच. म्हणून तिथली रीत माहीत असलेली बरी.

समजा, कुर्ल्याला एक चाळ आहे. कुर्ला पूर्वी मुंबईबाहेर होते. १९५० साली ते मुंबई महानगरपालिकेत आले. चाळीत २० खोल्या, माणसे १००. महापालिकेचा नळ एक आणि मीटरही एकच. रोज ठरल्या वेळी पाणी येते, मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडते. तेथून पंपाने वर चढते आणि मग खोल्यांत जाते. बिल एकच येते. ते २० खोल्यांत सारखे वाटून घेतात.

या वेळी दोन महिन्यांचे बिल दीडपटीहून जास्त आले. झाले, भांडण सुरू! कोणी म्हणाले, "खालच्या वहिनींकडे लेकीचे बाळंतपण झाले, रोज धुण्याचे ढीग पडतात." वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज गाडी धुता ती?" कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "मला दोन हंडे पुरतात बाबांनो. मी कशाला भरू एवढे?" आजींचे म्हणणे काही खोटे नाही. पण बिल थकले तर वर अतिरिक्त आकार चढतो. फार थकले तर नळ तोडता येतो. नळ तुटला की ज्याने पैसे भरले त्याचेही पाणी जाते.

अशा वेळी कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे. बिलावर मीटरचे दोन आकडे असतात. एक मागच्या वेळचा, एक या वेळचा. मोठ्यातून लहान वजा करावा. आपल्या चाळीचे आकडे असे होते: या वेळी १५,१२०, मागे १४,२२०. वजाबाकी ९००. म्हणजे ९०० युनिट पाणी आले. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर सुमारे ६६ हंडे. मागच्या बिलात ५४० युनिट होते. म्हणजे ३६० युनिट जास्त आले.

पैशांच्या रकमेतही एका ओळीत पाण्याचा आकार असतो, दुसरीत मलनिःसारणाचा, म्हणजे सांडपाणी वाहून नेण्याचा. मागची थकबाकी असली तर तीही यात मिळवलेली असते. कधी कधी बिल 'जास्त' दिसते ते एवढ्यानेच. ती ओळ आधी शोधावी.

मग उठून मीटरपाशी जावे. मीटरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहावे. मग आकडा वाचावा. काळे आकडे पूर्ण युनिटांचे, लाल आकडे त्याहून लहान मापाचे. मीटरचा आकडा बिलावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर बिल चुकले, हे उघड आहे. मीटर पुढे पळतो, मागे येत नाही. मोबाईल असेल तर फोटो काढून ठेवावा. मीटर बंद असला किंवा वाचता आला नाही, तर बिल सरासरीने काढतात. तसे झाले असेल तर तेही विचारावे.

चूक सापडली की लेखी अर्ज द्यावा. नुसते ओरडून आल्याने काही हाती लागत नाही. कुर्ल्याचे काम महापालिकेच्या एल विभाग कार्यालयात चालते. अर्ज सहायक अभियंता, जलकामे, यांच्या नावे करावा. मजकूर थोडकाच असावा: "आमच्या बिलावर आकडा अमुक आहे. आज अमुक तारखेस मीटरवर आकडा तमुक आहे. फोटो जोडला आहे. मीटर पुन्हा वाचून बिल दुरुस्त करून द्यावे." मीटरच जोरात पळतो असा संशय असेल तर तो तपासून देण्याची मागणी करावी. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्यावी. आमच्या मते पोच ही अर्जापेक्षाही मोलाची. अर्ज दिला म्हणून बिल भरायचे नाही, असे मात्र समजू नये. निकाल लागेपर्यंत किती भरायचे ते तिथेच लेखी विचारावे. उत्तर आलेच नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मीटर वाचल्याची नोंद मागता येते. त्याला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आता आपल्या चाळीचे काय झाले पाहा. बिलानंतर दहा दिवसांनी मंडळींनी मीटर वाचला. आकडा निघाला १५,२७०. दहा दिवसांत १५० युनिट, म्हणजे रोजचे १५. बिलाचा हिशेबही ९०० भागिले ६० दिवस, म्हणजे १५ च! बिल बरोबर होते. पण पूर्वी रोज ९ युनिट लागत. मग ६ युनिट जातात कुठे?

एका रात्री दहा वाजता पंप बंद केला. खालच्या टाकीत पाण्याच्या बरोबरीने खडूची रेघ ओढली. सकाळी सहाला, पाणी येण्याआधी, झाकण उघडले. पाणी रेघेच्या एक फूट खाली! टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद. एक फूट म्हणजे सुमारे १,८०० लिटर पाणी आठ तासांत जमिनीत गेले होते. दिवसरात्रीचे साडेपाच युनिट होतात. चोर सापडला. ना वहिनी, ना गाडी. टाकीच्या तळाला चीर पडली होती.

मीटरच्या अलीकडची, आपल्या बाजूची गळती आपलीच. ते पैसे भरावेच लागतात. गवंडी आणून चीर बुजवली. दुसऱ्या रात्री पुन्हा रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेलाच होते.

राहिला आजींचा प्रश्न. आम्हाला विचाराल तर टाकी सगळ्यांची, म्हणून गळतीचे ३६० युनिट २० खोल्यांत सारखे वाटावेत. दर खोलीला १८. वापराचे ५४० मात्र माणसे मोजून वाटावेत. दर माणशी साडेपाचच्या आत. म्हणजे आजींना ४५ युनिटांचे पैसे भरावे लागले असते, ते आता २३-२४ युनिटांचेच पडतील.