उज्जैनचे विद्यापीठ, धार-देवासची माती

१९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्या हाती एक कोरीव शिळा लागली. आज जो भोजशाला–कमाल मौला परिसर म्हणून ओळखला जातो, तिथे ती होती. शिळेवर राजाची वंशावळ नव्हती की दानपत्रही नव्हते. होते ते एक नाटक. तेराव्या शतकाच्या आरंभी परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन, ज्याला ‘बालसरस्वती’ म्हणत, त्याने लिहिलेली ‘पारिजातमंजरी’. वसंतोत्सवात धारेतच प्रयोग व्हावा म्हणून रचलेली ही नाटिका चार अंकांची होती. शिळेवर त्यातले पहिले दोन अंक आहेत. उरलेले दोन ज्या शिळेवर असतील, ती आजवर मिळालेली नाही. जर्मन पंडित हुल्ट्झ यांनी हा पाठ ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला आणि धारचे अर्धे नाटक जगभरच्या संस्कृतज्ञांपर्यंत पोहोचले.

लेल्यांच्या पाठीशी विद्यापीठ नव्हते, संशोधनाचा विभाग नव्हता. संस्थानच्या शाळा सांभाळता सांभाळता त्यांनी हे काम केले. माळव्यातल्या विद्येची गोष्ट सांगायची तर इथून सुरुवात करावी लागते, कारण पुढे विद्यापीठ आले ते अशाच एकेकट्या माणसांच्या कामावर उभे राहायला.

मराठा सरदार पवारांची गादी धारला होती, तशीच देवासलाही. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच गावात दोन संस्थाने. तरी सरकारी विद्यापीठ या दोन्ही गावांच्या वाट्याला आले नाही. उज्जैनचे माधव कॉलेज १८९० चे, इंदूरचे होळकर कॉलेज १८९१ चे. आणि १९२७ नंतर या भागातल्या कॉलेजांच्या परीक्षा दूरच्या आग्रा विद्यापीठाच्या. सीतामऊचे राजपुत्र रघुबीरसिंह यांनी माळव्याच्या अठराव्या शतकावर, म्हणजे मराठे माळव्यात आले त्या काळावर, मोलाचा ग्रंथ लिहिला. त्यांनाही १९३६ मध्ये डी. लिट. मिळाली ती आग्र्याहूनच.

मध्य भारताला स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी उज्जैनमध्ये पंडित सूर्यनारायण व्यासांनी लावून धरली. अखेर १ मार्च १९५७ रोजी विक्रम विद्यापीठ सुरू झाले. १९६४ मध्ये ग्वाल्हेरला जिवाजी विद्यापीठ आणि इंदूरला इंदूर विद्यापीठ निघाले. इंदूरचेच पुढे देवी अहिल्या विद्यापीठ झाले. आज देवासची कॉलेजे उज्जैनशी जोडलेली आहेत, तर धारची इंदूरशी. २०२५ मध्ये विक्रमचे नाव सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ करण्याची घोषणा झाली, पण माळव्यातल्या लोकांच्या तोंडी अजून ‘विक्रम’च आहे.

या विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून हिंदी कवी शिवमंगल सिंह ‘सुमन’ यांचे नाव आदराने घेतले जाते. १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षे ते त्या पदावर होते. शिंद्यांच्या काळात उज्जैनला जमलेला हजारो हस्तलिखितांचा संग्रहही विद्यापीठाकडे आला. पण एकाच माणसाबद्दल लिहायचे झाले तर मी या विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांबद्दलच लिहीन.

वाकणकरांचा जन्म १९१९ मध्ये नीमचला, मराठी घरात झाला. ते मुळात चित्रकार, आणि त्यांच्या पुरातत्त्वाची सारी ताकद याच गोष्टीत आहे. १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना टेकडीवरचे खडक दिसले. अशा खडकांत चित्रे असणार, हे त्यांच्या नजरेने ओळखले. गाडीतून उतरून ते शोधत गेले आणि भीमबेटका जगाला ठाऊक झाली. तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर चढलेले. खालचा बैल कोणत्या हाताचा आणि त्यावरून गेलेला घोडेस्वार किती मागाहूनचा, हे ठरवायला रेषेची जाण लागते. गेरूच्या लाल रंगातली, चुन्यासारख्या पांढऱ्या रंगातली, क्वचित हिरवी अशी ही चित्रे वाकणकरांनी हाताने उतरवून घेतली, त्यांचा क्रम लावला. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह त्यांचा भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवरचा ग्रंथ आला. त्याआधी १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेली. ते पाहायला ते नव्हते. १९८८ मध्ये सिंगापूरला त्यांचे निधन झाले होते.

भीमबेटकेच्या प्रकाशात त्यांचे कायथ्याचे काम मात्र झाकले जाते, आणि मला ते तितकेच मोठे वाटते. कायथा हे उज्जैनच्या पूर्वेला छोट्या कालीसिंध नदीकाठचे गाव. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानतात. १९६०च्या दशकात वाकणकरांनी इथे उत्खनन केले. पुढे डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांनी विक्रमसोबत ते पुढे नेले. खाली निघाली चार हजार वर्षांहून जुनी वस्ती. चॉकलेटी लेप दिलेली, जांभळट रंगाने रेखलेली जाड भांडी. फणीने ओरखडे काढून नक्षी केलेली भांडी. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या. अकीक-कार्नेलियनच्या मण्यांच्या माळा. आणि मोहरीएवढे बारीक दगडी मणी, तेही हजारोंनी. एवढ्याशा मण्याला भोक पाडणारा कारागीर देवासच्या शेजारच्या या नदीकाठी राहत होता, हे आपल्याला कळले ते एका नव्या, हाताशी फारसे काही नसलेल्या विद्यापीठामुळे.

याच वर्षांत उज्जैनपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, देवासला, कुमार गंधर्व माळवी लोकगीतांच्या धुना टिपत होते. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना ते देवासला आले आणि तिथलेच झाले. बायकांच्या तोंडची गाणी ऐकून त्यांतून त्यांनी नवे राग घडवले. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ निघाला. कुमारांचा विद्यापीठाशी संबंध जोडण्याचा हा खटाटोप नाही. पण मातीत पुरलेले वाकणकरांनी वर काढले आणि लोकांच्या गळ्यात राहिलेले कुमारांनी टिपले; माळव्याकडे पाहण्याची दोघांची शिस्त एकच होती. आधी जागेवर जायचे, ऐकायचे, पाहायचे, लिहून घ्यायचे.

त्या शिस्तीची गरज आता धार-देवासच्या दप्तरांना आहे. पवारांच्या कारभाराचे कागद मोडीत आहेत. जमिनीचे वाद, वतने, घरगुती पत्रे, देवस्थानांचे खर्च असे सगळे मराठी भाषेत, आणि प्रदेश असा की तिथे शिकवले जाते हिंदीतून. मराठी घरातल्या तरुणालाही मोडी येत नाही, आणि हिंदीतून इतिहास शिकलेल्याला तर मराठीही येत नाही. उज्जैन आणि इंदूर या दोन्ही विद्यापीठांनी मराठी नि मोडी एकत्र शिकवणारा वर्ग नेटाने चालवला, तर देवासची एखादी मुलगी आपल्याच गावच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा कारभार मूळ कागदांवरून लिहू शकेल. लेल्यांना जे एकट्याने करावे लागले, त्यासाठी तिच्या पाठीशी मार्गदर्शक असेल, ग्रंथालय असेल, शिष्यवृत्ती असेल.