रंगपेटी, चित्रवही आणि कन्हानचा काठ

जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि त्याला कागदाशी धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचा असतो. त्यात थोडे ग्लिसरीन किंवा मध मिसळले की रंगाची वडी तडकत नाही आणि ओला ब्रश लागताच रंग सुटतो. टर्पेंटाइनचा वास नाही, चित्र वाळायला आठवडा थांबणे नाही. पॅलेटवर वाळून खडखडीत झालेला रंगसुद्धा पाण्याच्या दोन थेंबांनी पुन्हा कामाला येतो. रोजच्या सरावाला याहून सोयीचे माध्यम सापडणे कठीण. याहून हट्टीही दुसरे नसेल. जलरंगात पांढरा रंग हा कागदाचाच असतो, तो एकदा झाकला की गेला. दुसरा थर कधी द्यायचा, हेही चित्रकाराच्या मनावर नसते. ते कागदावरचे पाणी ठरवते, आणि पाणी किती वेळात वाळेल ते हवा ठरवते. म्हणून जलरंगाची सवय लावायची तर ती आपण राहतो तिथल्या हवेशी जुळवूनच लावावी लागते.

कन्हानसारख्या गावात हे फार लवकर कळते. नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातले हे गाव नदीच्या नावानेच ओळखले जाते, नदीपलीकडे कामठी. छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात उगम पावलेली कन्हान बीना संगमावर पेंचला सोबत घेते आणि इथून पुढे वैनगंगेकडे जाते. पावसाळ्यात गढूळ आणि दांडगी असलेली ही नदी उन्हाळ्यात वाळूतून वाट काढणाऱ्या दोन-तीन धारांवर येते. ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल, रेल्वेचा पूल, कोळशाच्या खाणी, खाणीतून काढलेल्या मातीचे सपाट माथ्याचे ढिगारे आणि क्षितिजावर औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्या, असे हे दृश्य आहे. कॅलेंडरवरच्या निसर्गचित्रात यातले फारसे काही बसणार नाही. सराव करणाऱ्याला मात्र तो फायदाच आहे. ठरीव डोंगर-झोपडी-नारळ काढण्याचा मोह इथे आपोआप टळतो आणि समोर दिसते ते पाहावे लागते.

प्रवासात जलरंगाने टिपणे काढण्याची रीत युरोपात जितकी कलावंतांची, तितकीच सैनिकांचीही होती. फोटोग्राफी येण्याआधी मुलूख कागदावर उतरवून घेणे हा अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा भाग होता. इंग्लंडमधल्या वुलिच येथील लष्करी अकादमीत पॉल सँडबी हा नामवंत जलरंगकार १७६८ पासून १७९६ पर्यंत चित्रकला शिकवत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिसकोम्बच्या विद्यालयातही चित्रकलेचे धडे होते. १८२१ मध्ये उभ्या राहिलेल्या कामठीसारख्या छावण्यांमध्ये येणारे अधिकारी याच शिक्षणपद्धतीत वाढलेले. पण ही विद्या फक्त साहेबांची राहिली नाही. पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबटाने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळच्या लेण्यांची चित्रे प्रत्यक्ष जागेवर जाऊन काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याचे चित्र १७९० सालचे आहे. महाराष्ट्रात प्रवासी स्केचिंगचा आद्य पुरुष शोधायचाच झाला, तर हा मान तांबटाकडे जावा.

पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले आणि जलरंगाला शिस्तीचे शिक्षण मिळाले. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) हे त्या परंपरेचे शिखर. हातातल्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर झेलणाऱ्या स्त्रीचे त्यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले चित्र तैलरंगातले वाटते, पण ते जलरंगातच आहे. नाशकात शिवाजी तुपे यांनी उघड्यावर बसून रंगवण्याची परंपरा चालवली. पुण्याच्या मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांवर तर एक पिढी जलरंग शिकली. २००७ मध्ये सिएटलमधल्या गॅब्रिएल कँपानारिओ या पत्रकाराने ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केले, आणि आपापल्या शहरात, जागेवर बसून स्केच काढणाऱ्यांची एक जागतिक बिरादरीच तयार झाली. फोटोवरून काढायचे नाही, हा त्यांचा पहिला दंडक. मराठी घरांतल्या बहुतेकांची जलरंगाशी ओळख मात्र याहून साधी असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आणि कॅमलची पेटी एवढीच ती ओळख. परीक्षा संपते, पेटी माळ्यावर जाते.

ती खाली काढली तरी सुरुवात होऊ शकते. पण कागद तेवढा नवा आणि चांगला घ्यावा. नवशिके महागाचे रंग घेतात आणि साध्या ड्रॉइंगबुकवर लावतात. हे नेमके उलटे आहे. पातळ कागद पाण्याने पोपडतो, दुसऱ्या हाताला त्याचे लगदे निघतात. ३०० जीएसएमचा, थोडा खरखरीत, शक्यतो पूर्ण सुती कागद पाणी धरून ठेवतो आणि चूक निस्तरायला वेळ देतो. रोजच्यासाठी पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून घेतले तर तो परवडतो. लहान आकाराचा दुसरा फायदा असा की अर्ध्या तासात चित्र पुरे होते. अपुरी चित्रे साचत गेली की सवय मोडते.

रंग सहा-सात पुरतात. एक लिंबासारखा पिवळा, एक यलो ऑकर, एक केशरीकडे झुकणारा लाल, एक जांभळ्याकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन, एखादा हिरवट निळा आणि बर्न्ट सायना. यलो ऑकर म्हणजे पिवळी माती. गेरूही त्याच लोहयुक्त मातीच्या कुळातला. त्यात मँगनीजचे ऑक्साइड मिसळलेले असले की रंग गडद तपकिरी होतो आणि तो ‘अंबर’ नावाने विकला जातो. हे मँगनीज कन्हानला परके नाही. रामटेकच्या वाटेवरच्या मनसर-कांद्रीच्या खाणींतून ते गेले शतकभर निघते आहे. मात्र खाणीतले दगड घरी कुटून रंग करण्याच्या भानगडीत पडू नये, मँगनीजची धूळ श्वासातून जाणे घातक असते. काळा रंग तर पेटीत नसलेलाच बरा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना यांच्या मिश्रणातून कोळशाच्या ढिगाऱ्यापासून पावसाळी ढगापर्यंत सगळे राखाडी रंग निघतात, आणि ते विकतच्या काळ्याहून जिवंत दिसतात.

ब्रश एक मोठा, टोकदार आणि एक मध्यम, एवढे बस्स. आता सिंथेटिक केसांचे ब्रश चांगले येतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी दाखवले तर ते घेऊ नयेत. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

सवय कशी जडते यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. एखादी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांत जमले, कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसले. कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली की ती टिकते. चित्राच्या बाबतीत याचा अर्थ असा, की सकाळचा चहा झाला की चित्रवही उघडायची. त्यासाठी रंग, पाण्याचा डबा आणि फडके एकाच ट्रेमध्ये कायम मांडलेले असावे. सामान कपाटातून काढण्यातच दहा मिनिटे गेली तर तिसऱ्या दिवशी आळस जिंकतो. आणि सुंदर, जाडजूड, कातडी बांधणीची वही घेऊ नये. तिचे पहिले पान खराब होईल या धास्तीनेच ती कोरी राहते.

विषय घरातच असतात. दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारे आंबिया बहाराचे संत्रे घ्यावे. नागपुरी संत्रे पूर्ण गोल नसते. ते वरून-खालून किंचित दबलेले असते आणि देठाशी बऱ्याचदा थोडी मान वर आलेली असते. पिकलेल्या फळावरही एखादा हिरवा पट्टा राहतो. खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असे ते ठेवावे. पेन्सिलीची एकच फिकी रेघ. मग चकाकणाऱ्या ठिपक्याची जागा कोरी सोडून सगळ्या फळावर पातळ पिवळा हात द्यावा आणि तो ओला असतानाच सावलीच्या बाजूने केशरी सोडावा. केशरी स्वतःच पसरत जातो. त्याला ब्रशने ढोसायचे नाही. कागदावरची चमक जाऊन ओल मात्र शिल्लक असते, त्या क्षणी फळाच्या तळाशी अल्ट्रामरीनचा एक स्पर्श द्यावा. निळा हा केशरीचा विरोधी रंग. दोघे मिळून एक मऊ, तपकिरी सावली तयार करतात. याच क्षणी ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर ते रंगाला मागे ढकलते आणि वेड्यावाकड्या कडांचा डाग फुलतो. पडछाया काढताना फळाच्या अगदी लगत तिच्यात थोडा केशरी मिसळावा, कारण संत्र्याचा रंग टेबलावरही उतरतो. सगळे वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने सालीवरची छिद्रे सुचवली की चित्र झाले. वाळल्यावर ते फिके पडेल. जलरंग नेहमीच फिका पडतो, म्हणून पहिल्यापासून रंग थोडा चढाच लावायचा. एवढ्या एका फळात ओल्यावर ओले, वाळल्यावर ओले आणि कोरडा ब्रश या तिन्ही पद्धती येऊन जातात.

बाहेर पडल्यावर खरी गाठ पडते ती उन्हाशी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळून कडक कड पडलेली असते. अशा दिवसांत सकाळी साडेसहाच्या आत बसावे, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा, फवाऱ्याची छोटी बाटली जवळ ठेवावी, आणि पांढऱ्या कागदावर थेट ऊन घेऊ नये. डोळे दिपतात आणि रंग नको तितके गडद लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी तऱ्हा. पहिला थर वाळतच नाही, दुसरा दिला की सगळे कालवण होते. तेव्हा एकाच ओल्या हातात पुरे होणारी चित्रे करावीत. ढग आणि पुराचे पाणी त्याला योग्यच आहेत. पावसाळ्यात कागदही दगा देतो. त्याला लावलेली खळ दमट हवेत निकामी झाली की तो टीपकागदासारखा रंग पितो आणि ठिपके उमटतात. कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट पिशवीत ठेवले तर ते वाचतात. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ मात्र जलरंगासाठीच केल्यासारखा असतो.

काठावरून पूल काढताना कमानी रेखाटत बसू नये. आधी आकाशापासून पाण्यापर्यंत एकच उबदार हात द्यावा. तो वाळला की कमानींच्या आतला अंधार आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब एवढेच गडद करावे. पूल आपोआप उभा राहतो. तोच पूल महिन्याला एकदा काढला, तर वर्षाअखेर बारा नद्या वहीत येतात.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात, देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने प्रतिबंधित ठिकाणांचे स्केच काढणे हा स्पष्टपणे गुन्हा म्हटला आहे. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि हेतू कितीही निरागस असला तरी छावणीच्या भिंतीशी वही उघडून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारले जाणारच. खाणींच्या आवारातही परवानगीवाचून जाऊ नये. मातीचे ढिगारे सार्वजनिक रस्त्यावरूनही उत्तम दिसतात.

प्रवासाचा पहिला धडा घ्यायला कन्हानकरांना लांब जायचे कारण नाही. रामटेकचा रेल्वेफाटा कन्हान जंक्शनवरूनच निघतो. धावत्या गाडीत जलरंग जमत नाही असा समज आहे. पाण्याची टाकी असलेला वॉटरब्रश, डबीएवढी पेटी आणि जाड कागदाची छोटी वही असली की जमतो. खिडकीबाहेरचे दृश्य निसटते, म्हणून आकाश, झाडी, शेत असे तीनच पट्टे मारावेत. समोर बसलेले उतारू झोपले असतील तर तेही विषयच. गाडीत घाईने काढलेल्या पानांत रेषा कमी आणि निरीक्षण जास्त असते. रामटेकला गडाची चढण, अंबाळा तलावाचे घाट, खिंडसीचे पाणी असे एका दिवसात न संपणारे विषय आहेत. कालिदासाने मेघाला निरोप सांगणारा यक्ष ज्या रामगिरीवर बसवला तो हाच, असे मानले जाते. तेव्हा इथे ढग काढणे ओघानेच आले. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत मात्र रंगपेटीच्या फंदात पडू नये. गर्दीत पेनाने आकार टिपून घ्यावेत, बाजूला रंगांची नावे लिहावीत आणि रंग घरी भरावेत. इंग्लिश चित्रकार टर्नरही प्रवासात बहुतेक वेळा पेन्सिलीनेच टिपणे काढी. त्याच्या मागे राहिलेल्या सुमारे ३०० चित्रवह्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण आणि वेळ लिहावी. हवा कशी होती तेही. भरलेल्या वह्या उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्यावा, नाहीतर कसर डिंकावर ताव मारते. बंद वहीतले रंग वर्षानुवर्षे टिकतात. भिंतीवर लावायचे चित्र असेल तर रंगांची परीक्षा आधी घ्यावी, कारण स्वस्त पेट्यांतले गुलाबी आणि जांभळे उन्हात लवकर उडतात. कागदाच्या एका पट्टीवर सगळे रंग लावून तिची अर्धी बाजू पुठ्ठ्याने झाकावी आणि ती उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवावी. पुठ्ठा काढल्यावर दोन बाजूंत जे रंग वेगळे दिसतील, ते पुढच्या खरेदीत घेऊ नयेत.