घाटात खालचा गिअर काय करतो?

मोटारीविषयी बोलताना टॉर्क आणि शक्ती हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि गिअरच्या कार्याविषयीचे बरेचसे गैरसमज या गल्लतीतूनच निर्माण होतात. दांड्याला पीळ देऊन तो फिरवणारा जोर म्हणजे टॉर्क, तर तो जोर लावून दर सेकंदाला जेवढे काम होते ती शक्ती. म्हणजेच टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर शक्ती ठरते. मिनिटाला ३,००० फेरे घेत १०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या लहान इंजिनाची शक्ती या हिशेबाने सुमारे ३१ किलोवॅट भरते.

अशा मोटारीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १६ फेऱ्यांमागे चाकाचा एकच फेरा होत असेल, तर चाकांवरचा टॉर्क १६ पटींनी वाढून १,६०० न्यूटन-मीटर होतो, पण चाकांचा वेग त्याच पटीत घटल्यामुळे गुणाकार, अर्थात शक्ती, तेवढीच राहते. गिअर नवी शक्ती निर्माण करत नाही. उलट दात्यांच्या घर्षणात थोडी खर्चीच पडते.

मग चढावर खालचा गिअर टाकताच गाडीत जोर येतो, तो कुठून? १,२०० किलो वजनाची हीच मोटार दहास एक अशा चढावर असेल, तर केवळ उतरणीकडच्या ओढीवर मात करायला सुमारे १,१८० न्यूटन बल लागते. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे ३.२ फेरे चाकाच्या एका फेऱ्याला पडतात आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे असे धरले, तर रस्त्यावर जेमतेम १,०७० न्यूटन बल पोहोचते आणि गाडी दम टाकू लागते. तिसऱ्या गिअरमध्ये हे प्रमाण ५.६ असेल, तर बल सुमारे १,८७० न्यूटन होते आणि हवेचा व रस्त्याचा विरोध सोसूनही गाडी चढते. शिवाय, आणि ही बाब अनेकदा नजरेतून सुटते, ताशी ४० किलोमीटर वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जेमतेम १,१०० फेरे घेते, तर तिसऱ्यात जवळपास २,०००. इंजिनाची शक्ती फेऱ्यांबरोबर वाढत असल्याने खालचा गिअर इंजिनाला त्याची अंगची शक्ती बाहेर काढता येईल अशा वेगावर आणून ठेवतो. विजेच्या मोटारीला मात्र स्थिर अवस्थेपासूनच भरपूर टॉर्क मिळतो, म्हणून बहुतेक विद्युत गाड्यांचे काम एकाच गिअरवर भागते.

ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा चालकांमधला जुना नियमही याच गणितावर उभा आहे. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिनाचा विरोध गिअरच्या पटीने वाढून चाकांना रोखतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक हा विरोध पूर्णपणे गमावतो. मग गाडी रोखण्याचे सारे काम ब्रेकवर पडते, आणि लांबलचक घाटात ते तापून त्यांची पकड सुटू लागते.